बाणस्तारीचे पाणी आणि ६१२ पाने

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी पणजीहून फोंड्याला परतणाऱ्या बसमध्ये, भोम गाव मागे पडता पडता, मी एका ऐतिहासिक प्रणयकादंबरीचे ६१२वे आणि शेवटचे पान वाचून पुस्तक मिटले. एवढ्या जाडीचे पुस्तक मी एरवी दहा-बारा दिवसांत वाचते. या पुस्तकाला ७ आठवडे लागले. ते मला आवडणार नाही हे पहिल्या पन्नास पानांतच कळले होते आणि तरीही मी त्यातले एकही पान गाळले नाही.

या वर्षाच्या आरंभी मला ५० वर्षे पूर्ण झाली. त्या सुमारास वाचनाची जुनी वही चाळताना माझ्या लक्षात आले की गेल्या दहा वर्षांत मी जवळजवळ फक्त आत्मचरित्रे आणि ललित लेखसंग्रह वाचले आहेत, आणि ज्या कादंबऱ्यांवर माझे लहानपण पोसले गेले त्या माझ्या हातून कधी सुटल्या हे मलाच आठवत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटले. म्हणून मी बारा महिन्यांत बारा वाङ्मयप्रकार वाचायचा संकल्प केला आणि त्यांतले निदान निम्मे प्रकार असे निवडले की ज्यांच्या वाटेला मी कधी गेलेच नव्हते. माझ्या भाचीने बारा चिठ्ठ्या लिहून एका पितळी डब्यात घातल्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, त्या प्रकारातले एक पुस्तक ग्रंथालयातून आणायचे, ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि मग वहीत त्यावर निदान दोन पाने लिहायची, असे ठरले. ऑगस्टची चिठ्ठी ऐतिहासिक प्रणयकादंबरीची निघाली.

पुस्तक अर्धवट सोडायचे नाही, हा नियम माझा नव्हे, तो वडिलांचा आहे. त्यांचे बालपण पोर्तुगीज राजवटीत गेले. त्या काळी छापील मजकुरावर सरकारी सेन्सॉरची नजर असे आणि सीमेपलीकडून येणारे मराठी पुस्तक हाती लागणे ही सहज घडणारी गोष्ट नव्हती. एक पुस्तक गावातल्या पाच-सहा घरांतून फिरत असे, आणि ते आपल्याकडे असेल तेवढ्या दिवसांत वाचून पुढे द्यावे लागे. आवडले नाही म्हणून बाजूला ठेवण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. पुढे घरात पुस्तकांची कपाटे झाली, तरी त्यांनी ती सवय सोडली नाही. मी लहानपणी एखादे पुस्तक मध्येच टाकले की ते रागावत नसत, फक्त खूण घातलेल्या पानावर ते पुस्तक माझ्या उशाशी आणून ठेवत.

या कादंबरीचे आणि तिच्या लेखकाचे नाव मी इथे देत नाही. एका वाचकाच्या नापसंतीचा भार कुणावर पडू नये असे मला वाटते, आणि मला जे सांगायचे आहे त्याला नावाची गरजही नाही. कथानक थोडक्यात असे. काळ १६८३ सालचा. स्थळ गोवा. अंत्रुज महालातल्या, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यातल्या, एका देसाई घराण्यातली मुलगी आणि जुन्या गोव्याच्या किल्लेदारीवर असलेला एक तरुण पोर्तुगीज कप्तान यांची जत्रेत नजरानजर होते. एक दुष्ट धर्मगुरू त्यांच्या आड येतो, एक विश्वासू दासी चिठ्ठ्या पोहोचवते, नायिका तीन वेळा बेशुद्ध पडते आणि शेवटी लग्न होते. ग्रंथालयातल्या कपाटासमोर उभी असताना ‘अंत्रुज’ हा शब्द मलपृष्ठावर दिसला म्हणूनच मी ते पुस्तक उचलले होते, कारण मी अंत्रुजातच जन्मले, वाढले आणि आजही तिथूनच रोज नोकरीला पणजीला जाते.

पहिली अडचण भाषेची होती. लेखकाला नाम एकटे ठेवणे जमत नाही. प्रत्येक नामापुढे निदान दोन विशेषणे उभी असतात, आणि ती नेहमी तीच असतात. नायिकेचे डोळे पहिल्या शंभर पानांत एकोणीस वेळा हरिणीचे झालेले आहेत, हे मी पेन्सिलने वहीत खुणा करून मोजले. सूर्यास्त प्रत्येक वेळी रक्तवर्णी आहे, समुद्र प्रत्येक वेळी धीरगंभीर आहे. माणसे बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडी बोलण्यातली वाक्ये नसतात, निबंधातली असतात. मी रोज सकाळी बसमध्ये सहा पाने आणि संध्याकाळी सहा पाने वाचायची असा हिशेब बांधला होता. बाहेर श्रावणाचा पाऊस, खिडकीची काच ओढलेली, आणि हातात ते जड पुस्तक. कित्येकदा सहा पाने संपेपर्यंत रायबंदर यायचे, आणि आपण नेमके काय वाचले ते मला सांगता आले नसते. मग नियम पाळण्यासाठी तीच पाने संध्याकाळी पुन्हा वाचावी लागत.

तरीही शैलीशी माणूस जुळवून घेतो. माझे खरे भांडण सुरू झाले ते ९३व्या पानावर. तिथे नायक अमावस्येच्या रात्री जुन्या गोव्याहून घोड्यावर निघतो आणि पहाटेच्या आत नायिकेच्या वाड्याच्या परसात येऊन उभा राहतो. घोड्याच्या टापांचे वर्णन दोन पाने चालते. ते मी वाचत होते तेव्हा आमची बस बाणस्तारीच्या पुलावर होती. मी मान वर करून बाहेर पाहिले, तर खाली कुंभारजुव्याच्या कालव्याचे तपकिरी, भरतीने फुगलेले पाणी होते. पणजी आणि जुने गोवे ज्यावर आहेत ते तिसवाडी हे बेट आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि पूर्वेला या दोघींना जोडणारा हा कालवा. आज आम्ही तो पुलावरून अर्ध्या मिनिटात ओलांडतो, पण १६८३ साली जुन्या गोव्याहून अंत्रुजात यायचे तर हे पाणी पार करावेच लागे, आणि पार करण्याच्या ठरावीक जागांवर पोर्तुगिजांचे पहारे होते. बाणस्तारी ही त्यांतलीच एक जागा. शिवाजी महाराजांनी १६७५ साली फोंड्याचा किल्ला घेतल्यापासून पलीकडचा मुलूख मराठ्यांचा होता. म्हणजे तो कालवा नुसता पाण्याचा पट्टा नव्हता, ती दोन राज्यांची सीमा होती. कप्तानाने पहारेकऱ्याला काय सांगितले? होडी कुणाची होती? घोडा होडीत चढवला की ओहोटीची वाट पाहिली? कालव्यात मगरी तर आजही आहेत. यांतल्या एकाही गोष्टीचा उल्लेख कादंबरीत नाही. कालवाच तिच्यात नाही.

मला त्या क्षणी जे वाटले ते रागापेक्षा दुःखाच्या जवळचे होते. दोन माणसांमध्ये वाहणारे खरेखुरे पाणी हाताशी असताना लेखकाने ते पुसून टाकले आणि त्याच्या जागी एक खलनायक उभा केला. याच कादंबरीत पुढे २१०व्या पानावर नायक जुन्या गोव्याहून पणजीला जाण्यासाठी होडीत बसतो आणि नावाड्याशी तत्त्वज्ञान बोलतो. त्या वाटेवर मात्र १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात बांधलेला सुमारे ३ किलोमीटर लांबीचा दगडी बांध होता, ज्याच्यावरून आमची बस आजही रायबंदरहून पणजीतल्या पाटोला जाते. पाणी आहे तिथे रस्ता आणि रस्ता आहे तिथे पाणी, असा हा नकाशा आहे.

बाकीच्या चुका मी भराभर सांगते, कारण त्या शोधणे सोपे आहे आणि त्यांच्यावर फार वेळ घालवावा असे मला वाटत नाही. कादंबरीतली पणजी दिव्यांनी झगमगणारे शहर आहे. प्रत्यक्षात राजधानीचा दर्जा तिला १८४३ साली मिळाला आणि १६८३ मध्ये राजधानी जुन्या गोव्यातच होती. पणजीच्या चर्चची मोठी घंटा ऐकून नायिका दचकते, पण ती घंटा तेव्हा जुन्या गोव्यातल्या आगुस्तिनियन मठात होती आणि पणजीच्या चर्चवर ती १८७१ मध्ये चढली. मेजवानीत मांडो गायला जातो, पण मांडो हा एकोणिसाव्या शतकात घडलेला गीतप्रकार आहे. देसायांच्या ओसरीवर पाहुण्यांना चहा दिला जातो; आपल्याकडच्या घरांत चहा शिरायला आणखी दोनशे वर्षे जायची होती. माझ्या वडिलांना हे दाखवले असते तर ते एवढेच म्हणाले असते की मांडो गाळला आणि चहाच्या जागी पन्हे ठेवले, तरी कथेचे काही बिघडत नाही. ते खरेच आहे. कालवा गाळला तर मात्र कथेचे सगळेच बिघडते.

कारण १६८३ हे साल लेखकाने उगाच घेतलेले नाही. त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत या भूमीवर जे घडले, ते माझ्या बसच्या रस्त्यावर अक्षरशः दोन्ही हातांना पसरलेले आहे. व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याने फौज घेऊन फोंड्याच्या मर्दनगडाला वेढा घातला. किल्ल्यात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी लढत होते. संभाजी महाराज कुमक घेऊन आले तेव्हा व्हाइसरॉयला वेढा उठवून पावसाचिखलातून माघार घ्यावी लागली. त्यानंतर २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेटावरचा, म्हणजे आजच्या सांत इस्तेव्हवरचा, किल्ला घेतला. जुवे ते जुने गोवे हे अंतर किती थोडे आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल की त्या रात्री राजधानीत कुणाला झोप लागली नसेल. व्हाइसरॉय स्वतः तिथे लढायला गेला आणि जखमी होऊन परतला. मग त्याने बॉम जेझसच्या बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या पार्थिवापाशी ठेवून त्यालाच शहराचे रक्षण करण्याची विनवणी केली. पुढे मोगल शहजादा शाह आलम चालून येत असल्यामुळे मराठी फौजेला मागे फिरावे लागले.

ही सगळी हकिकत कादंबरीत साडेतीन पानांत उरकली आहे, आणि तीही नायकाच्या दंडाला जखम व्हावी व नायिकेला पदर फाडून ती बांधता यावी एवढ्यासाठी. मी ती साडेतीन पाने दोनदा वाचली. अंत्रुजातली मुलगी आणि जुन्या गोव्यातला कप्तान यांच्यात त्या नोव्हेंबरात किती गोष्टी उभ्या राहिल्या असतील याचा विचार करत मी म्हार्दोळला उतरायच्या बायकांकडे, त्यांच्या ओल्या छत्र्यांकडे पाहत राहिले. तिचे भाऊ किल्ल्यावर असतील. त्याची तोफ त्याच किल्ल्यावर रोखलेली असेल. त्या प्रेमाला खलनायकाची गरज कुठे होती?

दुसरी गोष्ट मला याहून अधिक खुपली, ती म्हणजे ही दोघे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, हे ६१२ पानांत कुठेच येत नाही. त्यांच्यात पहिल्याच भेटीत पाच पानांचा संवाद होतो. आमच्यासारख्या घरांत, जिथे कोंकणीत भांडायचे, मराठीत वाचायचे आणि आजोबांच्या पिढीपर्यंत कचेरीचे कागद पोर्तुगीजमध्ये करायचे, तिथे हा प्रश्न कुणाही वाचकाला पहिल्याच पानावर पडतो. त्या काळी परकीयांनी इथली भाषा शिकल्याची उत्तम उदाहरणे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट इथे येऊन मराठीत ओव्या रचण्याइतका तयार झाला आणि त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले. त्याने लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये तिथेच प्रसिद्ध झाले. तेव्हा एखाद्या कप्तानाने चार शब्द शिकणे अशक्य नव्हते. पण ते शिकताना तो अडखळला असता, चुकला असता, तिने त्याला दुरुस्त केले असते, आणि वाचकाला त्या दुरुस्त करण्यात प्रेम दिसले असते. माझ्या मते या कथेतला सर्वांत सुंदर भाग तोच झाला असता, आणि तो लिहिलाच गेला नाही.

यात आणखी एक वेदना आहे. कादंबरीत व्हाइसरॉय हा नायकाच्या पाठीवर हात ठेवणारा, वडीलधारा, हळवा माणूस म्हणून येतो आणि शेवटच्या प्रकरणात वधूवरांना आशीर्वाद देतो. त्याच व्हाइसरॉयने २७ जून १६८४ रोजी, म्हणजे कादंबरी संपते त्यानंतर काही महिन्यांतच, फर्मान काढले की इथल्या लोकांनी तीन वर्षांच्या आत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. त्या आशीर्वादानंतर त्या मुलीने घरात आपल्या मुलांशी काय बोलायचे होते?

लग्नाच्या प्रसंगाबद्दलही मला असेच म्हणायचे आहे. कादंबरीत एकीकडे चर्चच्या घंटा आणि दुसरीकडे मंगलाष्टके असा दुहेरी सोहळा जुन्या गोव्यात भर दिवसा होतो. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालय, १५६० मध्ये आले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलुखातल्या, देवळांचे देव ज्या रात्री पाण्यापलीकडे न्यावे लागले, त्या रात्री आमच्या घरांतल्या लोककथांत अजून सांगितल्या जातात. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. माझी बस रोज म्हार्दोळ आणि मंगेशी या दोन थांब्यांवर थांबते, आणि हे थांबे तिथे का आहेत याचे उत्तर त्या इतिहासात आहे. अशा राज्यात भर राजधानीत मंगलाष्टके होणे शक्य नव्हते.

इन्क्विझिशनने १७३६ च्या एप्रिलमध्ये काढलेल्या एका हुकूमनाम्याबद्दल मी काही वर्षांपूर्वी वाचले होते. या कादंबरीमुळे मी तो भाग पुन्हा काढून वाचला. नवख्रिस्ती कुटुंबांना कोणकोणत्या चालीरीती वर्ज्य आहेत याची ती लांबलचक यादी आहे. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. लग्नासाठी समारंभपूर्वक भात आणि मसाले कांडायचे नाहीत. विडा-सुपारी वाटायची नाही. दारात तुळस लावायची नाही. मिठाशिवाय भात शिजवायचा नाही. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. ही यादी वाचताना भीती वाटते, पण दुसरेही काहीतरी जाणवते. इन्क्विझिशन येऊन पावणेदोनशे वर्षे झाल्यावरही हे सगळे बंद करण्यासाठी हुकूम काढावा लागला, याचा अर्थ घराघरांत ते चालूच होते. कुणीतरी दार लोटून ओवी म्हणत होते, कुणीतरी चुलीवरच्या भातात मुद्दाम मीठ घालत नव्हते. एका मुलीने प्रेमापोटी पाणी ओलांडले असते तर तिला या यादीतली एकेक गोष्ट मागे टाकावी लागली असती, किंवा लपवावी लागली असती, आणि नवऱ्यापासून लपवायची की नवऱ्यासह लपवायची हे तिला ठरवावे लागले असते. कादंबरीकाराला एवढे आयते मिळालेले असताना त्याने धर्मगुरूला फक्त मिशीवरून हात फिरवणारा कामुक माणूस करून टाकले. इन्क्विझिशनचे भय एका माणसाच्या वासनेएवढे लहान केले, तर ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोसले त्यांच्यावर अन्याय होतो.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी, ३४७व्या पानावर, मी थांबले. घरी गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधायची होती, रानातली फळे आणि वेली आणायच्या होत्या, माहेरची-सासरची माणसे यायची होती, आणि पुस्तक कपाटावर गेले ते नऊ दिवस खाली आले नाही. त्या नऊ दिवसांत हे पुस्तक परत करून त्याच प्रकारातले दुसरे आणावे, असे मी जवळजवळ ठरवले होते. भाचीनेही तेच सुचवले. “मावशी, नियम तुझाच आहे. तो तूच बदलू शकतेस,” असे ती म्हणाली. मी तिला काही उत्तर दिले नाही, पण त्या रात्री पुस्तक काढून उशाशी ठेवले.

मला थांबू दिले नाही ते वडिलांच्या आठवणीने, आणि तितकेच माझ्या कार्यालयातल्या एका मैत्रिणीने. ती हा वाङ्मयप्रकार गेली वीस वर्षे वाचते आहे. मी तिच्यापाशी कालव्याबद्दल तक्रार केली तेव्हा तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग मला सांगितले की तिचा नवरा आजारी होता त्या वर्षी रुग्णालयात रात्री जागत बसून तिने अशा चाळीसेक कादंबऱ्या वाचल्या. त्या वर्षी उद्या काय होईल हे तिला कुठल्याच गोष्टीबद्दल सांगता येत नव्हते. फक्त हातातल्या पुस्तकाच्या शेवटी ती दोघे एकत्र येणार, एवढे मात्र तिला नक्की ठाऊक असे. “त्यावर टेकून मी रात्र काढायचे,” असे ती म्हणाली. तिच्या बोलण्याने मी अंतर्मुख झाले. शेवट आधीच ठाऊक असणे हा या प्रकाराचा दोष आहे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. कीर्तनात आख्यानाचा शेवट कुणाला ठाऊक नसतो? तरीही आपण ते ऐकायला जातो, कारण बुवा तिथपर्यंत कसे नेतात ते ऐकायचे असते. तेव्हापासून मी माझी तक्रार नीट तपासली. शेवट सुखाचा आहे, याला माझी हरकत नाही. मधली वाट खरी असती तर तो सुखाचा शेवट मलाही हवासा वाटला असता.

मराठी ऐतिहासिक कादंबरीशी माझे जुने नाते आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची मोचनगड ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ मध्ये आली, म्हणजे या परंपरेला दीडशे वर्षांहून अधिक काळ झाला. माझ्या आजोबांच्या घरी दुपारी जेवणे झाल्यावर ओसरीवर अशा कादंबऱ्या मोठ्याने वाचल्या जात आणि मी खांबाला टेकून ऐकत असे. त्या कादंबऱ्यांत प्रेम नेहमी लढाईच्या मागे, पडद्याआड उभे असे. नायिका आरती ओवाळून निघून जाई. प्रेमाला पुढे आणून इतिहासाला मागे ठेवणारी कादंबरी वाचायला मिळावी ही माझी खरोखरची इच्छा होती आणि चिठ्ठी निघाली तेव्हा मला आनंदच झाला होता. म्हणूनच निराशा इतकी झाली असावी.

चवथीनंतर मी पुन्हा वाचायला लागले, आणि ४३१व्या पानावर एक अनपेक्षित गोष्ट घडली. नायिकेची आजी, जी तोवर फक्त खोकत कोपऱ्यात बसलेली होती, ती एकदम बोलू लागते. तिचे माहेर पाण्यापलीकडचे, तिसवाडीतले. संध्याकाळी ती काठावर जाऊन पलीकडच्या तीरावरचे दिवे मोजते. तिच्या आजीनेही असेच मोजले होते, आणि देऊळ होते तेव्हा सात दिवे दिसत असत असे तिला सांगितले होते. आता किती दिसतात ते आजी कुणालाच सांगत नाही. नायिका तिला हाताला धरून घरी आणते आणि दोघी वाटेत एक शब्दही बोलत नाहीत. ही अकरा पाने आहेत. त्यांत विशेषणे जवळजवळ नाहीत, हरिण नाही, रक्तवर्णी सूर्यास्त नाही. त्या अकरा पानांत पाणी आहे. ज्या लेखकाने कालवा गाळला त्यानेच ही पाने लिहिली यावर माझा विश्वास बसेना. मी मागे जाऊन पाहिले की याआधी अशी एखादी जागा माझ्या नजरेतून निसटली होती का. नव्हती. आणि ४४२व्या पानावर नायिका पुन्हा बेशुद्ध पडते.

ही पाने मला मिळाली याचे श्रेय मी न गाळता वाचण्याच्या नियमाला देते, आणि त्याच वेळी हेही कबूल करते की त्यांच्यामुळे पुढची १७० पाने अधिक जड गेली. लेखकाला काय साधते ते एकदा दिसल्यावर त्याने ते का टाळले याचा विचार प्रत्येक पानावर मनात येत राही. कदाचित त्याच्या घरातही कुणी आजी दिवे मोजत असेल. ती पाने ऐकून लिहिलेली वाटतात, बाकीची वाचून लिहिलेली.

शुक्रवारी लग्न झाले, व्हाइसरॉयने आशीर्वाद दिला, आणि बस भोमच्या पुढे गेली. शनिवारी मी वहीत दोनाऐवजी नऊ पाने लिहिली. ४३१ ते ४४१ ही पाने कुणाला वाचायची असतील तर तेवढीच वाचावीत, असे पहिल्या ओळीत लिहिले आणि आजीचा तो प्रसंग माझ्या अक्षरात उतरवून ठेवला. सोमवारी पुस्तक पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात परत केले. हे ग्रंथालय १८३२ साली पोर्तुगीज सरकारने सुरू केले आणि आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते, ज्यांनी १५२६ मध्ये याच भूमीत मराठीत कृष्णचरित्र लिहिले. परत करताना तिथल्या बाईंनी पुस्तक कसे होते असे विचारले. मी त्यांना आजीबद्दल सांगितले.

सप्टेंबरची चिठ्ठी तीन आठवडे उशिरा, काल रात्री काढली, प्रवासवर्णन निघाले. डब्यात आता तीन चिठ्ठ्या उरल्या आहेत. भाची पुढच्या वर्षाच्या चिठ्ठ्यांची यादी आतापासूनच करते आहे आणि ऐतिहासिक प्रणयकादंबरी तिने आपणहून वगळली होती. मी तिला ती पुन्हा लिहायला लावली.